दहा आकडी सवत

आमच्या साडूंइतका एकनिष्ठ पुरुष अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्यांची ही निष्ठा ज्या बाईंवर आहे त्या बाई म्हणजे एक संख्या आहेत. हे वाचून कोणाला गंमत वाटली असेल तर वाटू द्या. मलाही सुरुवातीची दोनतीन वर्षं वाटायची. आता मी थकलोय. वाशीमला माझा फोटो स्टुडिओ आहे; लग्नसराईत एका मांडवातून दुसऱ्या मांडवात कॅमेरा गळ्यात घालून उभा असतो, तरी माझे पाय जेवढे दुखत नाहीत तेवढा साडूंजवळ अर्धा तास बसलं की मेंदू दुखतो. पण साडू हे नातंच असं आहे. बायको निदान पाहायला तरी मिळते, साडू कोणी दाखवत नाही. लग्न लागल्यावर कोणीतरी एका माणसाला पुढं ढकलतं, हे तुमचे साडू म्हणतं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक पंगतीत, प्रत्येक बारशात आणि प्रत्येक दवाखान्यात तो माणूस तुमच्या शेजारी बसलेला असतो. माझ्या शेजारी ते आणि त्यांची ती, असे दोघं बसतात.

रिठदला त्यांचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. त्यांची एकुलती एक मुलगी वैशू पहिलीत होती तेव्हा दुकानात नवा कॉम्प्युटर आला, आणि एक दिवस त्या कॉम्प्युटरनं युरियाचा साठा दाखवला, २१४७४८३६४७. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस पोती, आणि तीही रिठदला, एका शटरच्या दुकानात. दुसरा कोणी असता तर त्यानं मशीनला वरून एक चापट मारली असती आणि विषय संपला असता. साडूंनी वाशीमहून दुरुस्तीवाला बोलावला. तो म्हणाला, काही नाही हो, या मशीनला याच्यापुढं मोजताच येत नाही, कुठं गडबड झाली की हाच शेवटचा आकडा येऊन बसतो. दुरुस्तीवाला मशीन दुरुस्त करून निघून गेला. साडू मात्र तिथंच बसून राहिले. मोजणीची शीव हीच का, बाप्पा, असं काहीसं ते पुटपुटत होते म्हणे. मग त्यांनी कीटकनाशकाचं एक रिकामं खोकं ओढलं आणि त्याच्या पुठ्ठ्यावर त्या आकड्याला तीननं भाग घालून पाहिला. बाकी उरली एक. सातानं घातला, बाकी एक. अकरानं घातला, तरी बाकी एक. झालं. माणूस गेला तो गेलाच.

ज्यांची शाळा सुटून फार वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगतो, कारण मला हे झोपेतही सांगता येतं. जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही पूर्ण भाग जात नाही तिला मूळ संख्या म्हणतात. दोन, तीन, पाच, सात या लहान झाल्या. ही दहा आकड्यांची थोराड. ती मूळ आहे हे ठरवायचं तर शेहेचाळीस हजारांच्या थोडं वर जाईपर्यंत जितक्या मूळ संख्या सापडतील तितक्यांनी एकेक करून भागून पाहावं लागतं. हे काम साडूंनी हातानं केलं. दुकानात मंदी असली की खोकं ओढायचे आणि भागाकार मांडायचे. रिठदच्या आजूबाजूला कित्येक घरांत शेतकऱ्यांनी सामान भरून नेलेल्या खोक्यांवर साडूंचे भागाकार पोचलेले आहेत. कोणाच्या कांद्यावर, कोणाच्या कोंबडीच्या पिलांवर ते पांघरलेले मी स्वतः पाहिलेत. माझ्या मुलानं एकदा त्यांना मोबाईल दाखवला आणि सांगितलं की हे उत्तर यात डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. साडूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "उत्तर मालेबी मालूम हाय, बेटा. मी भागाकार करून राह्यलो."

तिचे गुण ते असे सांगतात की मुलीकडच्यांनी मुलीचेही सांगू नयेत. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, असं एकतीस वेळा दुप्पट करत जायचं आणि शेवटी त्यातून फक्त एक काढून घ्यायचा. एक काढला नाही तर कोणीही सोम्यागोम्या येऊन दोननं भागून जाईल. एक काढला की कोणाच्या बापाची हिंमत नाही. वर ते एकतीससुद्धा मूळच. मग तिला बहीण आहे का, ही चौकशी. कारण काही मूळ संख्या जोडीनं राहतात, अकरा आणि तेरा, सतरा आणि एकोणीस. हिच्या दोन घरं मागं पाहावं तर शेवटी पाच, म्हणजे पाचानं भाग जातो. दोन घरं पुढं पाहावं तर तीननं जातो. म्हणून हिला जोड नाही, बिचारी एकटी राहते. हे सांगताना त्यांचा आवाज दरवेळी तेवढाच हळवा होतो, आणि दरवेळी मी तेवढ्याच हळवेपणानं घड्याळाकडे पाहतो. पण एकटी असली तरी कमी समजू नका, ते पुढं म्हणणारच. तिला तीस वेळा दुप्पट केलेल्या एकानं गुणलं की अशी संख्या येते की तिचे स्वतःहून लहान सगळे भाजक मिळवले तर बेरीज पुन्हा तीच. परिपूर्ण संख्या. इथवर येईपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा थंड झालेला असतो आणि गिऱ्हाईक तुरीवरच्या अळीचं औषध न घेताच घरी गेलेलं असतं.

दुकानाच्या बाहेर त्यांनी तो आकडा रंगवून घेतला, हिरव्या ऑइलपेंटनं. दहा आकडी असल्यामुळे लोकांना तो मोबाईल नंबर वाटायचा. एका शेतकऱ्यानं येऊन तक्रार केली की औषधाचं प्रमाण विचाराले दिवसभर फोन लावला तर बाई म्हणते हा नंबर अस्तित्वात नाही. साडू कोणावर फारसे चिडत नाहीत, त्या बाईवर मात्र चिडले. जगात दुसरं काही असो नसो, हा नंबर आहेच, असं त्यांनी त्या शेतकऱ्याला बराच वेळ समजावलं. तो बिचारा मान डोलावत राहिला आणि पुढच्या हंगामापासून वाशीमहून औषध न्यायला लागला.

माणसांतही त्यांना तेच दिसतं. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला एक्कावन्न नंबरची खाट मिळाली. साडू भेटायला आले, मोसंबी ठेवली, माझ्याकडे न पाहता खाटेच्या नंबराकडे पाहिलं आणि खिन्न झाले. "दिसते मूळ, पन फसवी हाय. सतरा त्रिक एक्कावन्न." पलीकडच्या त्रेपन्न नंबरच्या खाटेवर मला हलवावं, अशी रदबदली त्यांनी नर्सकडे करून पाहिली. त्या खाटेवर एक म्हातारबा अत्यवस्थ होते. दुसऱ्या एका प्रसंगी, माझ्याच पुतण्याच्या लग्नात, त्यांनी पंगत मोजली, आणि माणसं मूळ संख्येइतकी भरल्यामुळे रांगा सारख्या होत नाहीत असं जाहीर करून एकाला उठवलं. उठवलेला एक मी होतो. वरणात कालवलेला पहिला घास माझ्या हातात होता. मी उठलो, कारण वाद घालायला जेवढी शक्ती लागते तेवढी उपाशीपोटी नव्हती.

आमच्याकडे बायकोच्या थोरल्या बहिणीला आकडसासू म्हणतात. साडूंची बायको ही माझी आकडसासू, आणि आकड्याच्या घरात राहणारी असल्यामुळे हे नाव तिला जेवढं शोभतं तेवढं महाराष्ट्रात कोणालाच शोभत नसेल. बाई सोशिक. संसार सगळा तिनं रेटला, दुकानाच्या मालाच्या गाड्या तिनं उतरवून घेतल्या, आणि साडू पुठ्ठ्यावर वाकलेले असताना गिऱ्हाइकाला पिशवी बांधून तिनं दिली. कधी तक्रार नाही. फक्त एकदा, बसायच्या खोलीच्या भिंतीवरही तो आकडा साडूंनी हातभर उंचीच्या अक्षरांत लिहून घेतला तेव्हा ती माझ्या बायकोला म्हणाली, "लोकायच्या घरात दोन हातापायाची सवत येते, माझ्या घरात दहा आकडी आली. तिले तर म्हातारपनबी येत नाही वं."

तर असं हे घर, आणि त्या घरात वैशूला पाहायला जऊळक्याचे पाहुणे येणार होते.

पाहायला येणं ही रीत, खरं म्हणजे पोरगा आणि पोरगी यांचं आधीच जमलेलं होतं. मुलगा वाशीमच्या एका लॅबमध्ये रक्त तपासतो, वैशू त्याच गल्लीत क्लासेसवर शिकवायची. दोघंही समजूतदार, घरच्यांना विचारून करू म्हणणारी. वैशू मला मावसाजी म्हणते आणि लहानपणापासून तिच्या मनातलं मलाच सांगते, कारण बापाकडे गेलं की विषय एकतीस वेळा दुप्पट होतो. ती स्टुडिओत आली आणि एवढंच म्हणाली, की मावसाजी, बाकी सगळं ठीक हाय, फक्त बाबांले त्या दिवशी चूप ठेवा. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलाचे वडील भित्रे होते, नुकतंच त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, आणि घरात त्यांच्या शब्दापलीकडे कोणी जात नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं की नाहीच.

मी साडूंना पोरीची शपथ घातली. त्यांनी ती खाली मान घालून घेतली. आकड्याबद्दल आपणहोऊन एक अक्षर बोलणार नाही, कोणी विचारलंच तर एका शब्दात उत्तर. भिंतीवरच्या आकड्यावर आम्ही सोयाबीनच्या बियाण्याचा भलामोठा बॅनर टांगला, शेंगांनी लगडलेलं झाड आणि त्याच्या शेजारी हसणारा शेतकरी. पाहुणे आले. साडूंनी असं काही मौन धरलं की मला त्यांची दया आली. पावसापाण्याचं झालं, सोयाबीनचं झालं, अकोल्याच्या डॉक्टरांचं झालं. माझी बायको आतून मला खुणेनं सांगत होती की सगळं छान चाललंय. तेवढ्यात लाइट आली आणि पंखा सुरू झाला.

बॅनर खालून उचलला गेला. शेतकऱ्याच्या पायाखालून हिरवे आकडे दिसायचे आणि लपायचे. मुलाचे वडील बरोबर समोर बसले होते. थोडा वेळ त्यांनी पाहिलं, मग विचारलं, हे काय हो? साडूंनी माझ्याकडे पाहिलं. शपथेप्रमाणे एक शब्द बोलायची मुभा होती, तो त्यांनी अतिशय प्रेमानं उच्चारला. "मूळ."

आणि त्याच क्षणी पोह्यांचा ट्रे घेऊन वैशू दारात उभी राहिली.

मुलाचे वडील दाराकडे पाहत होते. "मूळ?" त्यांनी विचारलं. साडूंना वाटलं, माणसाला खरंच रस आहे. इतक्या वर्षांत त्यांना दुसऱ्यांदा प्रश्न विचारणारा माणूस भेटला नव्हता. त्यांची शपथ तिथंच विरघळली. "शंभर टक्के. म्या सोता खात्री केली. जन्माचीच हाय ना ते, मूळ काई मांगून होत नसते. अन् जोड नाही तिले. आंगंमांगं सगळीकडं पाह्यलं, कुठंच जोड नाही. अशी भेटत नाही कोनाले."

संख्या हा शब्द ते उच्चारलेच नाहीत. त्यांना गरजच वाटत नाही, घरातल्या माणसाचा उल्लेख कोणी सारखा माणूस म्हणून करत नाही. आता आमच्या भागात मूळ म्हटलं की माणसाला गणित आठवत नाही, नक्षत्र आठवतं. मूळ नक्षत्रावर जन्मलेली पोरगी सून होऊन आली तर सासऱ्याच्या जिवाला लागते, असं लोक धरून चालतात. समोर बसलेल्या सासऱ्याच्या छातीवरचे टाके अजून ओले होते. त्यांनी छातीवर हात ठेवला, पोह्याची प्लेट घेतली, एक चमचा तोंडात घातला आणि तो गिळायचं विसरले. थोड्याच वेळात पाहुणे गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

पत्रिका तर आधीच जुळली होती. मी फोनवर सांगून पाहिलं, पोरीचं नक्षत्र मूळ नाहीच, हवं तर दुसऱ्या कोणाला दाखवा. ते म्हणाले, पत्रिका काय, कोनीबी लिहून देते, बापाच्या तोंडातून निघालं ते खरं. वैशू आमच्याकडे येऊन राहिली. ती रडत नव्हती, नीट जेवत होती, भांडी घासू लागत होती, आणि म्हणूनच आम्हाला तिच्याकडे पाहवत नव्हतं. माझी बायको शेवटी साडूंसमोर जाऊन उभी राहिली. तिनं त्यांना सांगितलं की जऊळक्याला जा, आणि तिथं गणित समजावून सांगत बसू नका, तुमचं गणित ऐकून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. तो माणूस भेलेला आहे. भेलेल्या माणसाला हो नाहीतर नाही, एवढंच कळतं.

आम्ही दोघं पॅसेंजरनं जऊळक्याला गेलो. वाटेत साडूंनी तिकिटाच्या नंबराकडेही पाहिलं नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली. मुलाच्या वडिलांनी बाजेवर बसवलं, पाणी दिलं. साडूंनी सुरुवात केली, की तुमचा गैरसमज झाला, ती एक संख्या आहे, आणि मूळ संख्या म्हणजे... त्या गृहस्थांनी हात वर केला. ते उद्धट नव्हते, फक्त फार दमलेले होते.

"मले गनित समजत नाही, भाऊ," ते म्हणाले. "एकच सांगा. तुमच्या घरात मूळ हाय का नाही?"

साडूंनी पेला खाली ठेवला. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि इतक्या वर्षांत मी त्यांना कधी इतकं स्पष्ट पाहिलं नव्हतं. दोन्ही पंजे गुडघ्यांवर, बोटांना कीटकनाशकाचा वास, आणि चेहरा असा की परीक्षेत येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर पाठ असूनही दुसरंच लिहायला सांगितलंय.

"नाही," ते म्हणाले.

"अन् भिंतीवर होतं ते?"

"तेबी नाही. चुकलं होतं माझं. भाग जाते तिले."

विषय इथं संपला असता. पण मुलाच्या वडिलांना आता बरं वाटायला लागलं होतं, आणि माणसाला बरं वाटलं की तो साध्या चौकसपणानं विचारतो, तसं त्यांनी विचारलं, कशानं जातो? साडू जरा थांबले. तेवढ्या वेळात त्यांच्या डोळ्यांसमोरून किती खोकी गेली असतील देव जाणे.

"सातानं," ते म्हणाले.

मला गणितात काही कळत नाही, तरी सातानं बाकी एक उरते हे मला माझ्या जन्मतारखेइतकं पाठ आहे. इतकी वर्षं मी वाट पाहत होतो की हा माणूस एकदा तरी म्हणेल, जाऊ द्या हो, शेवटी एक आकडाच तर आहे. ते त्यानं म्हटलं, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

लग्न झालं. चांगलं झालं. फोटो मीच काढले, सगळ्या फोटोंत साडू नीट उभे आहेत, सगळ्यांत कॅमेऱ्याकडे बघतायत, कोणालाही काही सांगत नाहीयेत. पंगत किती माणसांची होती त्यांनी मोजली नाही. लग्नानंतर त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीवर पांढरा रंग मारला, मग दुकानाबाहेरच्या आकड्यावरही मारला. खोकी रिकामी झाली की शेतकऱ्यांना कोरीच जायला लागली. मी रिठदला गेलो की ते मला विचारत, जेवण झालं का, गाडीनं आले का मोटरसायकलनं, आणि मग आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसत असू. आराम होता. कानाला सुख होतं. पण अर्ध्या तासात उठून यायची मला जी सवय लागली होती ती सुटली, मी तासन्‌तास बसायला लागलो, कारण उठावं कशावरून हेच कळत नव्हतं. आकडसासू एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाली, "सवत गेली भाऊजी, पन तिच्यासंगं नवराबी गेला."

वैशूला पहिल्या दिवाळीला माहेरी आणायचं होतं. साडू म्हणाले, तुमीबी चाला. पुन्हा तीच पॅसेंजर, तेच स्टेशन. वैशूनं दार उघडलं, बापाच्या हातातली पिशवी घेतली. तिचे सासरे बाजेवर बसले होते, आता तब्येत सुधारली होती, गालांवर मांस आलं होतं. चहा झाला. फराळ झाला. परतीच्या गाडीला अजून अवकाश होता. आणि अचानक साडूंनी कोणाकडे न बघता बोलायला सुरुवात केली. मी त्यांच्या मांडीवर हात दाबला, त्यांनी तो बाजूला केला.

"व्याहीबुवा, सातानं भाग जात नाही तिले. एक उरते. कशानंच जात नाही. मी खोटं बोललो होतो तुमच्यापाशी."

वैशू स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभी राहिली. व्याही म्हणाले, "मालूम हाय मले. पोरीनं लगीन झालं त्याच हप्त्यात सांगतलं. म्हने, माझा बाप जन्मात एकदाच खोटं बोलला, ते तुमच्यापाशी बोलला. म्या म्हनलं, त्याले काई बोलू नोको, येईल अन् सोता सांगल." त्यांनी शर्टाच्या बटणांवरून हात फिरवला. "मी भेलो होतो, भाऊ. छाती फाडली होती ना माझी. मानूस भेला का त्याले सगळंच मूळ दिसते. राग नोका धरू."

साडूंनी नुसती मान हलवली.

"आता सांगा बरं," व्याही पुढं सरकून बसले. "काय हाय ते? मी आयकतो. सगळं सांगा."

हा प्रश्न इतक्या आपुलकीनं साडूंना आयुष्यात कोणी विचारला नव्हता. आमच्यापैकी कोणी नाही, मी तर नाहीच. त्यांनी तोंड उघडलं, एकदा ओठ हलवले, आणि मग भिंतीला पाठ टेकवली. एकदम म्हातारे दिसले ते मला. कधीच भाग न जाणाऱ्या त्या बाईंचा हा एवढा मोठा भक्त, आणि स्वतःबद्दल म्हणाला तो असा शब्द, "आज नाही, व्याहीबुवा. आज भागलो मी."

त्यांनी डोळे मिटले. मग वैशू पुढं आली, सासऱ्यांना दुपारची गोळी दिली, पाण्याचा पेला दिला, आणि खाली बसून तिनंच सांगायला घेतलं. अगदी पहिल्यापासून. दुकानातला कॉम्प्युटर, युरियाची पोती, पुठ्ठा. लहानपणी ती हे सगळं कानांवर हात ठेवून ऐकायची, तरी तिच्याकडून कुठंच काही सुटत नव्हतं. व्याही मध्येमध्ये विचारत होते, ती समजावत होती. स्टेशनवर आमची गाडी आली आणि आम्हाला न घेता गेली. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, पण मी ते पाहिलं नाही.

"तेरानं भागलं का दहा उरते," वैशू म्हणाली. "अन् सतरानं भागलं का..."

ती अडखळली. बोटांवर काहीतरी करू लागली.

"आठ," डोळे न उघडता साडू म्हणाले.